‘मोल्सवर्थ’ : एका विरळ इंग्रजी आडनावाची व्युत्पत्ती आणि इतिहास

मराठी भाषेच्या अभ्यासकाला ‘मोल्सवर्थ’ हे नाव कोशामुळे परिचित आहे. किंबहुना ‘मोल्सवर्थ पाहावा’ असे म्हणताना ते एका व्यक्तीचे नाव असल्याचेही पुष्कळदा लक्षात राहत नाही, ग्रंथ तेवढा डोळ्यांसमोर येतो. परंतु हे मुळात एका लहानशा इंग्रजी खेड्याचे नाव आहे. तेथून ते आडनाव झाले आणि पुढे कॉर्नवॉल, आयर्लंड, जमैका, मुंबई इलाखा असा प्रवास त्याने केला. इंग्लंडमध्ये हे आडनाव कधीच सर्वसामान्य झाले नाही. त्यामुळे त्याचा माग काढणे स्मिथ किंवा टेलर अशा व्यवसायवाचक आडनावांपेक्षा पुष्कळ सुकर ठरते.

मोल्सवर्थ हे खेडे पूर्वीच्या हंटिंग्डनशायर परगण्यातील असून १९७४ पासून ते केंब्रिजशायरमध्ये मोडते. विल्यम विजेत्याच्या आज्ञेने १०८६ मध्ये सिद्ध झालेल्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनमोजणीच्या दप्तरात त्याची नोंद ‘मोल्सवर्ड’ अशा रूपात आढळते. नावाचे घटक दोन आहेत. ‘वर्थ’ हा प्राचीन इंग्रजी शब्द असून त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, वस्तीभोवतालचे आवार असा होतो. आधुनिक इंग्रजीतील ‘किंमत’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पूर्वपद ‘मूल’ या विशेषनामाचे षष्ठी रूप मानले जाते. म्हणजे ‘मूल नावाच्या माणसाचे आवार’. हे विशेषनाम त्या काळी खरोखर प्रचारात होते. इ. स. ६८६ मध्ये केंटच्या गादीवर आलेल्या आणि पुढच्याच वर्षी बंडखोरांनी जाळून मारलेल्या राजाचे नाव मूल हेच होते. अर्थात त्या राजाचा या खेड्याशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही.

मराठी वाचकाला ‘मोल’ आणि ‘वर्थ’ या दोन्हींत किंमतच दिसावी, हा योगायोग मोहक असला तरी निरर्थक आहे. खरे साम्य दुसरीकडे आहे. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार. त्यावरून मराठीत ‘वाडा’ आणि ‘वाडी’ आले. ‘वर्थ’ आणि ‘वाडी’ यांचे मूळ एक नसले, तरी कुंपणाच्या कल्पनेतून वस्तीचे नाव सिद्ध होण्याची प्रक्रिया एकच आहे. बटरवर्थ, एन्सवर्थ, अन्सवर्थ ही आडनावे याच जातीची होत.

ग्रामनामापासून आडनाव केव्हा होते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने ओळखण्याचे कारण नसते, कारण तेथे सगळेच त्या गावचे. मराठीतील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांप्रमाणेच ‘मोल्सवर्थचा अमुक’ ही ओळख माणूस गाव सोडून गेल्यावरच उपयोगी पडते. म्हणजे असे आडनाव हा वास्तव्याचा नव्हे, तर स्थलांतराचा पुरावा आहे. शिवाय एकाच गावातून असंबद्ध अशी अनेक कुटुंबे बाहेर पडू शकतात. त्यामुळे सरदार घराण्यांच्या वंशावळ्यांत पहिल्या एडवर्डच्या काळातील वॉल्टर द मोल्सवर्थपर्यंत जी अखंड साखळी जोडलेली असते, तिच्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. चेशायरमधील मोल्ड्सवर्थ या गावाचे नाव ऐकायला जवळचे असले, तरी त्याचे पूर्वपद टेकडीच्या माथ्याचे वाचक समजले जाते. केवळ उच्चारसाम्यावरून या दोन नावांची गल्लत करणे चूक ठरेल.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नावाची एक शाखा कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथे स्थिरावली. याच घराण्यातील हेंडर मोल्सवर्थ १६८४ ते १६८७ या काळात जमैकाचा कारभार पाहत होता आणि १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो त्या बेटावरील अडत्या होता. घराण्याच्या प्रतिष्ठेचा हिशेब मांडताना ही बाजू वगळता येणार नाही. दुसरी शाखा आयर्लंडमध्ये वाढली. तेथील रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) याने डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा वकील म्हणून काम केल्यावर १६९४ मध्ये त्या देशातील अनियंत्रित राजसत्तेवर कठोर टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. डब्लिनमधील मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याची आठवण देतो. न्यूझीलंडची संसद ज्या रस्त्यावर उभी आहे, तो वेलिंग्टनचा मोल्सवर्थ स्ट्रीट मात्र पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) याच्या नावाचा आहे. हा हॉब्जच्या ग्रंथांचा संपादक होता आणि १८५५ मध्ये काही काळ वसाहतमंत्री होता.

महाराष्ट्राशी या नावाचा संबंध जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) याच्यामुळे जडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील हा अधिकारी. त्याने शब्दसंग्रहास आरंभ केला, जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंचे त्याला साहाय्य लाभले आणि १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. १९७५ मध्ये पुण्याहून तिचे पुनर्मुद्रण झाले, हे या ग्रंथाच्या टिकाऊपणाचे गमक होय.

एका खेड्याचे नाव येथे एका भाषेच्या कोशाचे नाव झाले. पण या कोशामागील पायाभूत कामात जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी पंडितांचा वाटा मोठा होता. त्यांनी रचलेला मराठी-मराठी कोश १८२९ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि तो आजही ‘पंडितांचा कोश’ या सामूहिक नावानेच ओळखला जातो. १८५७ च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि दोन कँडी अशी तीन नावे आहेत. त्यांत पंडितांपैकी एकाचेही नाही.