दिसेल आणि दिसू शकेल

नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली की मला अजून अड्याळची १९७४ सालची संक्रांत आठवते.

७ मार्च १९७३ रोजी लुबोश कोहूतेक या चेक खगोलशास्त्रज्ञाला हॅम्बुर्गच्या वेधशाळेत एक धूमकेतू सापडला. तेव्हा तो जवळजवळ गुरूइतका लांब होता. एवढ्या लांबून दिसतो, तर २८ डिसेंबरला सूर्याजवळून जाताना केवढा तेजस्वी होईल, असा हिशेब मांडला गेला. 'शतकातला धूमकेतू' ही पदवी वर्तमानपत्रांनी आधीच देऊन टाकली!

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. गावातली म्हातारी माणसं धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. ते उगवलं की राजा मरतो, दुष्काळ पडतो, असं सांगत. बहात्तरचा दुष्काळ ताजाच होता. ही भीती घालवावी म्हणून मी वर्गात ठासून सांगितलं, "संक्रांतीला या, नुसत्या डोळ्यांनी दाखवतो."

मुलं आली. त्यांचे बाप-आजेही आले. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांत आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. गुरू दिसला. बाकी काही नाही. "गुरुजी, कुठं हाये तुमचा तारा?" एक आजोबा म्हणाले आणि सगळे हसले. नववीतला एक मुलगा तेवढा हळूच म्हणाला, "सर, मला पुसट दिसून राहिलं." तो माझी लाज राखतोय असं वाटून मी त्याला गप्प बसवलं.

कारण पुढे वाचनात आलं. कोहूतेक बहुधा पहिल्यांदाच सूर्याजवळ येत होता. अशा धूमकेतूवरचे चटकन उडून जाणारे बर्फ दूर असतानाच उडू लागतात. म्हणून तो आधी फार उजळ भासतो आणि नंतर अपेक्षेइतका वाढत नाही. शास्त्रज्ञांनी 'दिसू शकेल' म्हटलं होतं. मी 'दिसेल' म्हणालो. चूक तिथे झाली.

आणि गंमत पुढेच आहे. मार्च १९७६ मध्ये वेस्ट नावाचा धूमकेतू पहाटेच्या आकाशात खरोखरच भव्य दिसला. पण कोहूतेकने तोंड पोळलेल्या वर्तमानपत्रांनी त्याचा फारसा गाजावाजा केला नाही. मीही कुठेतरी दोन ओळी वाचल्या, 'पुन्हा कोण हसं करून घेणार' म्हणालो आणि पांघरूण ओढून झोपलो. त्या पहाटा काही परत आल्या नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास आला. २०२३ च्या सुरुवातीला सापडलेला. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी नातीला घेऊन गावाबाहेर गेलो. या वेळी म्हणालो, "दिसला तर बघू." शुक्र आणि स्वातीच्या मध्ये, चांदणं असूनही, खडूचं बोट ओढावं तशी एक रेघ होती. नातीला ती माझ्या आधी दिसली.

तेव्हा तो नववीतला मुलगा आठवला. जानेवारी १९७४ मध्ये अंधाऱ्या जागेवरून कोहूतेक नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसत होता, हे मला फार उशिरा कळलं. आज त्यानेही साठी ओलांडली असेल. कधी भेटला तर एवढंच सांगायचं आहे: बाळा, तुला दिसला होता रे. चुकलो मी.