तातडीच्या रुग्णसेवेतील दूरवैद्यक : निजामपुरा, वडोदरा

रुग्ण घरी, रस्त्यावर किंवा रुग्णवाहिकेत असतानाच दूरच्या डॉक्टरने फोनवरून, व्हिडिओवरून किंवा यंत्राने पाठवलेल्या नोंदी पाहून त्याच्या उपचारांची दिशा ठरवणे, म्हणजे तातडीच्या रुग्णसेवेतील दूरवैद्यक किंवा टेलिमेडिसिन. निजामपुरा हा वडोदरा (बडोदे) शहराच्या उत्तर भागातील, फतेगंज व छाणी जकातनाका यांच्या आसपासचा दाट वस्तीचा परिसर आहे. इथून सरकारी सर सयाजीराव जनरल रुग्णालय काही किलोमीटरवर आहे आणि खासगी रुग्णालयेही जवळ आहेत. अशा भागात या सेवेचा खरा उपयोग योग्य रुग्णालय निवडण्यासाठी आणि तिथली तयारी आधीच सुरू करण्यासाठी होतो.

पूर्वपीठिका : नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरील प्रयोगशाळेत नोंदवला. १९६०च्या दशकात बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी हृदयरुग्णांसाठी फिरते पथक सुरू केले, तर मायामीत यूजीन नेगल यांनी अग्निशमन दलाच्या जवानांकडून रेडिओद्वारे ईसीजी रुग्णालयात पोहोचवण्याची पद्धत बसवली.

गुजरातमधील व्यवस्था : गुजरातमध्ये १०८ क्रमांकाची सेवा २९ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी राज्याने तातडीच्या वैद्यकीय सेवेचा कायदाही केला. निजामपुऱ्यातून लावलेला फोन शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या, अहमदाबादजवळील कठवाडा येथील केंद्रात घेतला जातो आणि तिथून जवळची गाडी पाठवली जाते. गाडीत ईएमटी, म्हणजे प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. डॉक्टर केंद्रात बसलेला असतो. त्याला ईआरसीपी म्हणतात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेची रचना वेगळी आहे. तिथे ९३७ गाड्यांचा ताफा उभा राहिला आणि गाडीतच डॉक्टर ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले.

कार्यपद्धती : छातीत दुखणाऱ्या रुग्णाकडे पोहोचल्यावर ईएमटी आधी नाडी, रक्तदाब, श्वसन आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहतो आणि ते केंद्रातील डॉक्टरला फोनवर सांगतो. वय, दुखणे कधी सुरू झाले, मधुमेह आहे का, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टर विचारून घेतो. ॲस्पिरिन चावून खायला द्यायची की रक्तस्रावाच्या शक्यतेमुळे टाळायची, हे या संभाषणातून ठरते. बारा लीडच्या ईसीजीची सोय असेल, तर दहा इलेक्ट्रोड लावले जातात: सहा छातीवर, चार हातापायांवर. आलेखात हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याची खूण दिसली, तर अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाला आगाऊ कळवता येते. घरात एखाद्याचे हृदय बंद पडले, तर गाडी येईपर्यंत नातेवाइकांना फोनवरूनच छाती दाबायला शिकवता येते: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात निदान पाच सेंटिमीटर खोल.

पक्षाघातात वेळेचा हिशेब आणखी कडक असतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनने पाहावे लागते. सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी रुग्ण आधी नेला, तर ही मुदत वाटेतच संपू शकते.

नियम व मर्यादा : केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, तातडीच्या प्रसंगी दुसरा उपाय हाताशी नसेल तर दूरचा सल्ला देता येतो, पण तो प्रथमोपचार, जीव वाचवणारे उपाय आणि कुठे न्यावे याबद्दलचे मार्गदर्शन एवढ्यापुरता असावा. रुग्णाला शक्य तितक्या लवकर डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवण्याचा सल्ला देणे बंधनकारक आहे. फोन तुटला, माहिती अपुरी मिळाली किंवा भाषा नीट कळली नाही, तर सल्लाही कमकुवत होतो. रुग्णालयाला आगाऊ कळवूनही तिथे खाट किंवा विशेषज्ञ तयार नसेल, तर वाचवलेली मिनिटे दारातच वाया जातात. म्हणून केंद्र, गाडी आणि रुग्णालय यांतला समन्वय यंत्रांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कुटुंबांसाठी : गायकवाडी काळापासून बडोद्यात मराठी कुटुंबे आहेत आणि आज अशा अनेक घरांतली मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात. १०८ हा क्रमांक फोन करणारा ज्या राज्यात असेल तिथल्या केंद्राला जोडला जातो, त्यामुळे पुण्यातून लावलेला फोन महाराष्ट्राच्या केंद्रात जातो. निजामपुऱ्यातल्या आईवडिलांसाठी शेजाऱ्यानेच फोन लावणे हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. सोसायटीचे नाव, जवळची ठळक खूण, त्रास नेमका कधी सुरू झाला ती वेळ आणि चालू औषधांची यादी एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवली, तर दूरच्या डॉक्टरचे पहिले प्रश्न तिथेच सुटतात.