आफ्रिकेंतील सफारी व शरणपूरचे विद्यार्थी

आफ्रिकेंतील वन्य पशु पाहण्यासाठीं केनिया-टांझानियाकडे जाण्याचा परिपाठ अलीकडे आपल्याकडे बराच वाढला आहे. मुंबई, ठाणें व खाडीच्या पूर्वतीरावरील नवी मुंबई येथून दरसाल कित्येक कुटुंबें या प्रवासास निघतात व त्यास ‘सफारी’ म्हणतात. हा शब्द व त्यामागील संस्था युरोपीय शिकाऱ्यांनीं निर्माण केली असा सामान्य समज दिसतो. परंतु ज्या प्रवासांमुळें हा शब्द जगास ठाऊक झाला, त्यांचा मुंबई बंदराशीं व नाशिकाशीं निकट संबंध होता. इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध प्रवासाच्या अखेरीचें एक अस्सल साधन नाशिकास शिकलेल्या एका विद्यार्थ्याच्या हातचें आहे. ही गोष्ट संशोधकांच्या नजरेस आणावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम शब्दाविषयीं. मूळ अरबी ‘सफर’ म्हणजे प्रवास. तो फारसीच्या द्वारें मराठींत फार पूर्वीं आला व दर्यावर्दी लोकांच्या भाषेंत जलप्रवासासाठीं रुळला. तोच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेंत ‘सफारी’ झाला. तेथें त्याचा अर्थ हमालांच्या डोक्यावर माल देऊन केलेली पायवाटेची मजल असा होता. शिकारीचा अर्थ त्यांत नव्हता. रिचर्ड बर्टन याच्या १८६० च्या सुमाराच्या लेखनांतून हा शब्द इंग्रजींत शिरला असें मानतात. हा बर्टन मुंबई लष्करांतील अधिकारी. तो व स्पीक हे २ डिसेंबर १८५६ रोजीं मुंबईहून ‘एल्फिन्स्टन’ या लढाऊ जहाजानें निघाले व २० डिसेंबरास झांझीबारास पोंचले. पुढें त्यांस जो वाटाड्या मिळाला त्याचें नांवच ‘बाँबे’. सिदी मुबारक बाँबे हा याओ जातीचा. बालपणीं गुलाम म्हणून विकला जाऊन त्यानें पश्चिम हिंदुस्थानांत बरींच वर्षें काढलीं, व मुक्त झाल्यावर तो स्वदेशीं परतला. स्पीकचें त्याच्याशीं संभाषण हिंदुस्थानींत चाले. म्हणजे या आरंभींच्या सफारींत साहेब व वाटाड्या यांची समाईक भाषा आपल्या बाजूची होती.

हबशी लोकांचें कोंकणांत येणें आपणांस नवें नाहीं. जंजिऱ्याचें सिद्दी संस्थान सर्वश्रुत आहे, आणि बेलापूरच्या किल्ल्याच्या इतिहासांतही सिद्दी, फिरंगी व मराठे असे धनी येतात. परंतु एकोणिसाव्या शतकांत आलेले आफ्रिकन निराळे. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें इंग्रजी आरमार पकडी व सुटलेलीं मुलें मुंबईस उतरवी. त्यांपैकीं अनेकांस नाशिकजवळील शरणपुरीं पाठविण्यांत येई. ही ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ सालीं स्थापिली होती. तेथें मुलांस लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत व बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नांवें देत. इंग्रजी ग्रंथांत ‘नासिक बॉइज’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते हेच.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ च्या जूनमध्यें ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट स्वतः चालवीत झांझीबाराहून मुंबईस आला. त्याच्याबरोबर सूसी व चुमा हे दोघे आफ्रिकन होते. चुमास डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. पुढें बोट २३०० पौंडांस विकली गेली, आणि ती रक्कम ज्या पेढींत ठेविली तीही मुंबईच्या शेअरबाजाराच्या कोसळण्यांत बुडाली. तथापि गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचें पाठबळ होतें. जानेवारी १८६६ मध्यें लिव्हिंग्स्टन ‘थूल’ जहाजानें मुंबईहून निघाला. त्याच्या तांड्यांत मुंबईच्या मरीन पलटणीचे १३ शिपाई, जोहाना बेटाचे १० इसम, शरणपूरचे ९ विद्यार्थी, शुपांग्याचे २ व याओ २ अशी माणसें होतीं. आणि ६ उंट, ३ म्हशी व एक पारडूं, २ खेचरें व ४ गाढवें असा जनावरांचा ताफा होता.

या जनावरांचें प्रयोजन लक्षांत घेण्याजोगें आहे. आफ्रिकेच्या त्या भागांत त्सेत्से माशीच्या दंशानें गुरें-घोडीं मरतात, म्हणून सारा माल माणसाच्या डोक्यावर वाहावा लागे. व हमालांच्या गरजेंतूनच गुलामांच्या व्यापारास एक सबब मिळे. हिंदुस्थानांतील उंट व म्हैस त्या माशीस टिकल्यास हें चक्र तोडतां येईल, असा लिव्हिंग्स्टनचा तर्क होता. मार्चमध्यें मिकिंडाणी येथें उतरून तांडा रोवुमा नदीच्या रोखें चालूं लागला. परंतु शिपायांनीं जनावरांस इतकें निर्दयपणें वागविलें कीं, तीं माशीनें मेलीं कीं मारानें मेलीं हें ठरविणेंच अशक्य झालें. प्रयोग फसला. त्याच वर्षीं शिपायांस परत लावण्यांत आलें, व जोहानाचे लोक पळून जाऊन झांझीबारास लिव्हिंग्स्टन मेल्याची खोटी बातमी सांगते झाले. शरणपूरच्या मंडळीविषयींही लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत आळसाचे आक्षेप जागोजाग आहेत. तरीपण त्यांतील गार्डनर व माब्रुकी हे अखेरपर्यंत त्याजबरोबर राहिले, हें ध्यानांत ठेवून ते आक्षेप वाचले पाहिजेत.

१८७२ सालीं स्टॅन्लीनें किनाऱ्यावरून नवा तांडा पाठविला. त्यांत शरणपूरचे आणखी विद्यार्थी होते. पैकीं जेकब वेनराइट हा लिहिण्यांत तरबेज. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींतील शेवटची नोंद २७ एप्रिल १८७३ ची आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, हल्लींच्या झांबियांतील चितांबो याच्या गांवीं, तो मरण पावला. लोकांनीं त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरलें. वेनराइटनें प्रार्थना वाचली व झाडावर नांव व तारीख कोरली. ती तारीख ४ मे १८७३ आहे. उलट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील समाधिशिलेवर १ मे असें आहे.

हा तिथिनिर्णयाचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. शिलेवरील लेख घटनेनंतरचा व दूरदेशींचा. झाडावरील लेख जागेवरचा व प्रत्यक्षदर्शीचा. केवळ या कसोटीनें ४ मे ग्राह्य धरावी असें वाटेल. परंतु मृत्यूनंतर गांवच्या मुख्याची संमति घेणें, कुडाची खोपी उभारणें, देह चिरून हृदय पुरणें यांत दोन-तीन दिवस गेले असले पाहिजेत. तेव्हां कोरलेली तारीख मृत्यूची नसून अंत्यविधीची असावी, असें अनुमान आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. तें झाड १८९९ सालीं तोडण्यांत येऊन कोरीव भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला.

पुढील हकीकत विलक्षण आहे. देहास मीठ लावून, उन्हांत वाळवून, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून तो सुमारें हजार मैल किनाऱ्यापर्यंत नेण्याचें या मंडळीनें आपसांत ठरविलें. उन्यान्येंबे येथें कॅमेरन या इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरावा असें सुचविलें. तें त्यांनीं मानलें नाहीं. पुढें एके ठिकाणीं गांवकऱ्यांनीं प्रेतास वाट देण्याचें नाकारलें, तेव्हां बनावट प्रेताची मोट करून ती परत पाठविल्याचा देखावा केला व खऱ्या देहास कापडाच्या गठ्ठ्याचें रूप दिलें. फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयोस पोंचले. वेनराइट देहाबरोबर विलायतेस गेला. देह लिव्हिंग्स्टनचाच, हें सर विल्यम फर्ग्युसन यांनीं डाव्या दंडाच्या हाडावरून ठरविलें. तें हाड १८४४ सालीं माबोट्सा येथें सिंहानें चावून मोडलें होतें. १८ एप्रिल १८७४ रोजीं दफन झालें, तेव्हां खांदेकऱ्यांच्या मानाच्या जागीं वेनराइट होता.

परंतु जो मान प्रेतयात्रेंत मिळाला तो ग्रंथांत मिळाला नाहीं. होरेस वॉलर यानें १८७४ सालीं लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशा छापल्या. शेवटच्या दिवसांची हकीकत त्यानें सूसी व चुमा यांच्या तोंडच्या माहितीवरून रचिली व वेनराइटची रोजनिशी बाजूस ठेविली. तिचें जर्मन भाषांतर त्याच वर्षीं पीटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकांत निघालें. मूळ हस्तलिखित मात्र २०१९ पर्यंत अभ्यासकांस सुलभ झालें नाहीं. आतां तें स्कॉटलंडांतील लिव्हिंग्स्टन जन्मस्थान संग्रहालयांत असून छायारूपानें प्रसिद्ध झालें आहे. त्या मृत्यूच्या वेळीं हजर असलेल्या आफ्रिकन माणसाच्या हातचा हा एकमेव लेख होय. तोंडी जबानी टिपणारा संपादक साहेब असला म्हणजे ती प्रमाण, आणि साक्षीदार स्वतः लिहूं लागला म्हणजे तो दुय्यम, हा न्याय कोणत्याही साधनचिकित्सेंत टिकणारा नाहीं. सोसायटीनें या लोकांसाठीं ६० रौप्यपदकें पाडलीं. परंतु तोंपर्यंत मंडळी पांगली होती व कित्येकांच्या हातीं तीं पडलींच नाहींत. वेनराइट १८९२ सालीं उरांबो येथें वारला. १८७४-७५ मध्यें प्राइस यांनीं मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसविलें, आणि शरणपूरचे बहुतेक आफ्रिकन तेथें गेले.

यानंतर सफारीचा अर्थ पालटत गेला. १९०९ मधील थिओडोर रूझवेल्टच्या शिकारमोहिमेनें तिला बंदुकीची कीर्ति दिली. केनियानें १९७७ सालीं शिकार बंद केली, आणि आज पाहणें हेंच तिचें प्रयोजन उरलें आहे. अर्थ पालटला तरी आरंभींच्या तांड्यांतील माणसें विसरावीं असें नाहीं. या मुलांचीं मूळ नांवें बाप्तिस्म्यांत लोपलीं. परंतु शाळेचे पट, बाप्तिस्म्याच्या नोंदी, कारखान्याचे हिशेब, पत्रें यांतून त्यांचा माग काढणें शक्य आहे. नाशिक, मुंबई व ठाणें प्रांतांतील जुन्या दप्तरांत व खाजगी संग्रहांत असा एखादा कागद आढळल्यास संग्राहकांनीं तो किरकोळ समजून टाकून देऊं नये, एवढी विनंति आहे. लिव्हिंग्स्टनचा देह सांभाळून नेणाऱ्यांचे चार कागद सांभाळणें, हें आपणांस त्या मानानें सोपेंच आहे.