अकेडियन स्मृतींचे जतन
कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर सतराव्या शतकात स्थायिक झालेल्या फ्रेंच वसाहतकारांचे वंशज म्हणजे अकेडियन. १७१३च्या उट्रेक्ट तहाने त्यांची बहुतांश भूमी ब्रिटनकडे गेली. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ नाकारल्याने १७५५ ते १७६३ या काळात १० हजारांहून अधिक अकेडियनांना हद्दपार करण्यात आले. गावे जाळली गेली, कुटुंबांची ताटातूट झाली, दप्तरेही विखुरली. ग्राँ-प्रे येथील चर्चच्या नोंदवह्या निर्वासितांनी सोबत नेल्या. त्या आज अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे आहेत.

ही विखुरलेली स्मृती एकत्र आणण्याचे कार्य न्यू ब्रन्स्विक प्रांतातील मंक्टन विद्यापीठाचे अकेडियन अध्ययन केंद्र करते. १९६८मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राला लोकगीतांचे संग्राहक फादर आन्सेल्म शियासाँ (१९११-२००४) यांचे नाव देण्यात आले आहे. जुन्या कागदपत्रांबरोबरच लोकगीते व लोककथांची ध्वनिमुद्रणेही येथे जपली जातात. केंद्राने १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या वंशावळी कोशात १६३६ ते १७१४ या काळातील अकेडियन कुटुंबांच्या नोंदी आहेत. हद्दपारीपूर्वीच्या पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्या वंशजांना त्यामुळे आपल्या मूळ घराण्याचा धागा गवसू शकतो.