साधूच्या वेशातली फ्लॉपी



सीतेच्या दारी रावण आला, तो भिक्षा मागणाऱ्या साधूच्या वेशात. कॉम्प्युटरच्या जगातही अशी सोंगं जुनीच आहेत. त्यातल्या एकाची हकिगत आज आपण ऐकू या.

१९८९ सालचा डिसेंबर महिना. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम फ्लॉपी नावाच्या चपट्या तबकडीवरून यायचे. अशा सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने अनेक देशांत पोचल्या. त्यांवर नाव होतं एड्सच्या माहितीचं. एड्सची तेव्हा सगळीकडे धास्ती होती. लोकांनी विश्वासाने फ्लॉपी कॉम्प्युटरला लावली. तिच्यात खरोखरच प्रश्न होते. उत्तरं दिली की आपल्याला किती धोका आहे, ते कळायचं.

पण आत दुसराच प्रोग्रॅम लपला होता. कॉम्प्युटर किती वेळा सुरू झाला, हे तो गुपचूप मोजायचा. साधारण ९० वेळा झालं की फायलींची नावं बिघडवायचा आणि मागणी करायचा: १८९ डॉलर पनामातल्या टपालपेटीवर पाठवा! फ्लॉपी लावून तोवर बरेच दिवस झालेले. मग संशय तरी कुणावर घ्यायचा?

या प्रकरणात जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला अटक झाली. मानसिक प्रकृतीमुळे त्याच्यावर खटला चालू शकला नाही. फायलींची नावं बिघडली असली, तरी आतला मजकूर शाबूत होता. जिम बेट्स या ब्रिटिश जाणकाराने त्यावर उतारा तयार केला आणि फुकट वाटला. ज्यांनी घाबरून सगळंच पुसून टाकलं, त्यांचं काम मात्र हातचं गेलं.

आता फ्लॉपी गेली, मोबाइल आला. सोंग तेच आहे. लग्नपत्रिका, पीएम किसान, बँक अशा नावांच्या ‘एपीके’ फायली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. फाईल उघडून अ‍ॅप घेतलं आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. गटाच्या खात्याचे मेसेज तर अध्यक्ष-सचिव ताईंच्याच फोनवर येतात. तिथे दहाजणींची बचत असते.

म्हणून आम्ही सांगतो: ओळखीच्या नंबरावरून आली तरी अशी फाईल उघडू नका. पत्रिका पाठवणाऱ्याला आधी फोन करा. योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत करा. चुकून अ‍ॅप घेतलंच, तर इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा. घरचे रागावतील म्हणून गप्प बसू नका. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.