बिनपाण्याची हजामत आणि चोवीसशे रुपयांचा साबण

मागच्या महिन्यात मी दाढीचा साबण घेतला. शंभर ग्रॅमची वडी, लाकडी वाटीत, झाकणावर लंडनच्या एका जुन्या दुकानाचं नाव. किंमत रुपये २४०० फक्त. आता तुम्ही म्हणाल, आयटीवाल्यांना पैसे जास्त झालेत. थोडं खरं आहे, पण पूर्ण ऐकून घ्या.

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं बऱ्यापैकी परत आलं, उजवा हात नाही आला. चाळीस वर्षं रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकत स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस. आता दर वीकांताला मी पुण्याहून साताऱ्याला जातो आणि शनिवारी सकाळी त्यांची दाढी करतो. पहिल्याच वेळी हनुवटीखाली कापलं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्याने ते पंधरा मिनिटं थांबेना. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारी म्हणाले, "राहू दे आज. कोण बघतंय मला?"

हे वाक्य मला झेपलं नाही. मग इंजिनियर जे करतो तेच मी केलं, सगळ्यात महागडा पार्ट मागवला. तो आल्यावर प्रश्न पडला की या वडीत असं आहे तरी काय? दोन-तीन रविवार यावर वाचण्यात गेले, त्याचा हा हिशोब.

साबण म्हणजे चरबी किंवा तेल, अधिक अल्कली. कॉस्टिक सोडा वापरला तर घट्ट वडी होते, पोटॅश वापरला तर मऊ आणि पाण्यात चटकन विरघळणारा साबण होतो. लोक हजारो वर्षं साबण करत होते, पण आत नक्की काय घडतं ते माहीत नव्हतं. ते उलगडलं मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. चरबी म्हणजे फॅटी अ‍ॅसिडं आणि ग्लिसरीन यांची जोडणी आहे, हे त्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. (हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. विषय कंटाळवाणा असला तरी तब्येतीला मानवत असावा.)

आपल्या कामाचं म्हणजे त्याने वेगळं काढलेलं स्टिअरिक अ‍ॅसिड. नाव 'चरबी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. खोबरेल तेलाच्या साबणाला फेस भरपूर येतो, पण बुडबुडे मोठे असतात आणि भसकन बसतात. स्टिअरिक अ‍ॅसिडच्या साबणाचा फेस बारीक, दाट, सायीसारखा असतो आणि गालावर टिकून राहतो. दाढीला हवा असतो तो हाच. म्हणून दाढीच्या साबणात स्टिअरिक जास्त, थोडं खोबरेल, आणि पोटॅश व सोडा दोन्ही घालतात. पोटॅशमुळे फेस लवकर होतो, सोड्यामुळे वडी घट्ट राहते.

हे गुपित आहे का? मुळीच नाही. सिमन्स आणि अ‍ॅपलटन या दोघांचं साबण बनवण्यावरचं हँडबुक १९०८ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. दाढीचा उत्तम साबण म्हणजे त्वचेला न झोंबणारं सोडा आणि पोटॅश साबणांचं मिश्रण, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच हा ओपन सोर्स झाला होता :) त्यानंतर किरकोळ पॅच आले, पण मूळ कोड तोच. आणि स्टिअरिक अ‍ॅसिड काही दुर्मिळ नाही, ते मेणबत्तीत असतं आणि गाडीच्या टायरच्या रबरातही घालतात.

मग चोवीसशे रुपये कशाचे?

त्यासाठी लंडनमध्ये जायला हवं. ब्रिटनमध्ये १७१२ पासून साबणावर कर होता, तो ग्लॅडस्टनने १८५३ मध्ये रद्द केला. तोवर साबण तसा महागच होता. पण आज ज्यांची नावं आपण महागड्या साबणांवर वाचतो, त्यातली बरीच घरं मुळात साबणाचे कारखाने नव्हतीच. ट्रुफिट (१८०५), टेलर (१८५४), ट्रम्पर (१८७५) ही सगळी न्हाव्यांची दुकानं. शहरातला बरा कमावता माणूस दाढी न्हाव्याकडून करून घ्यायचा. वस्तरा धारदार ठेवणं आणि स्वतःच्या गळ्यावर चालवणं हे कौशल्याचं काम होतं. अमेरिकेत तर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा नावाचा मग सलूनच्या फळीवर ठेवलेला असे. पैसे हाताचे, वेळेचे आणि गप्पांचे होते. साबण त्यातच आला.

हे गणित मोडलं किंग जिलेटने. वापरून टाकायच्या पात्याचा त्याचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला आणि त्या वर्षी विकले गेले ५१ रेझर. पुढच्या वर्षी ९० हजारांच्या वर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे ३५ लाख रेझर सैनिकांसाठी घेतले. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी नको, हे एक कारण. युद्ध संपलं, सैनिक घरी आले आणि सोबत स्वतः दाढी करायची सवय घेऊन आले.

न्हावी व्यवहारातून बाहेर पडला तो इथे. आणि मला वाटतं, महागड्या साबणाची गोष्टही इथेच सुरू होते. एका बाजूला घाई असणाऱ्यांसाठी ब्रशविना क्रीम आली (बार्बासोल १९१९, बर्मा-शेव्ह १९२५) आणि १९५० च्या सुमारास डब्यातला फेस. दुसऱ्या बाजूला जुन्या दुकानांकडे उरलं ते नाव, सुगंध आणि लाकडी वाटी. गिऱ्हाईक खुर्चीत येऊन बसत नाही तर खुर्चीची आठवणच डबीत भरून विकायची. १९३८ मध्ये आलेल्या ओल्ड स्पाइसने साबण मातीच्या मगात घालून वर शिडाचं जहाज छापलं, तेही याच जातीचं. त्या जहाजाचा दाढीशी काय संबंध? काही नाही. पण मग फेकवत नाही.

स्वस्तात घेऊ नये अशी गोष्ट या काळात वेगळीच निघाली, ती म्हणजे ब्रश. युद्धात बिज्जूच्या केसांचा तुटवडा झाला, तेव्हा नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे ब्रश खपवले गेले आणि त्यातून ब्रिटन-अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला. लोक मेले. साबणाने कोणाचं एवढं वाकडं केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता आपल्याकडे. विलायती साबण ज्या चरबीचं कौतुक सांगायचे, तीच इथे अडचण होती. घरात गाई-डुकराची चरबी कोण येऊ देणार? अर्देशिर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास चरबी नसलेला, वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तो स्वदेशीच्या हवेत चालला. गंमत म्हणजे त्या जुन्या लंडनकर घरांपैकी काहींनीही या शतकात चरबी सोडून वनस्पतिजन्य कृती घेतली. म्हणजे वडीतलं मुख्य द्रव्य बदललं, डबीवरचं नाव आणि सालं मात्र तीच राहिली.

असो. इतिहास झाला, आता टेस्टिंग.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वडी मोजली. माझ्या स्वतःच्या दहा दाढ्यांना ८ ग्रॅम साबण गेला. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये १२५ दाढ्या, एका दाढीला १९ रुपये २० पैसे. बाबांची नेहमीची गोल वडी ६० ग्रॅमला ६० रुपये, म्हणजे दाढीला ८० पैसे. मग चार शनिवार बाबांना न सांगता साबण आलटून पालटून वापरले. एकदा हा, एकदा तो, दोन्ही स्टीलच्या वाटीत. फेसात फरक होता का? महागड्याचा फेस लवकर झाला आणि वास सुंदर होता. पण कापण्यात फरक? शून्य. दोन्ही साबणांनी एकेकदा कापलं. बग साबणात नव्हताच.

तो सापडला गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना. ते बाबांना भेटायला म्हणून आले, माझं काम बघत उभे राहिले आणि शेवटी राहवेना तेव्हा म्हणाले, "दादा, फेस चांगलाय, पण दाढी भिजलीच नाही अजून." मग त्यांनी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बाबांच्या गालावर ठेवला, तो काढून बोटांनी पाणी चोळलं, चोळतच राहिले. मी घड्याळ बघितलं, तीन मिनिटं. त्यांच्या आजोबांच्या धोकटीत म्हणे साबण नसायचाच. वस्तरा, वाटी आणि पाणी.

नंतर शोधलं तर विज्ञानही तेच सांगतं. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. साबणाचं काम पाणी गालावर धरून ठेवणं आणि पातं घसरवणं, एवढंच. आणि हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक होतं! एखाद्याची खरडपट्टी काढली की आपण म्हणतो बिनपाण्याने हजामत केली. बिनसाबणाने असं कोणीही म्हणत नाही.

तेव्हा निकाल असा. त्वचेसाठी, दाढी नीट व्हावी म्हणून चोवीसशे रुपये घालवत असाल तर घालवू नका. ते काम साठ रुपयांची वडी आणि तीन मिनिटं पाणी करतं. वासासाठी, वाटीसाठी घ्यायचा असेल तर दाढीमागे अठरा रुपये जास्त जातात, एका कटिंग चहाच्या आसपास. ते परवडतं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पैसे वाचवायचेच असतील तर साबणात वाचवा, चांगल्या पात्यात नको.

मी परत घेणार नाही. पण आहे ती वडी टाकणारही नाही, कारण गेल्या शनिवारी टॉवेल काढल्यावर बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "तो चंदनासारख्या वासाचा कुठला रे? तोच लाव." किंमत विचारली नाही, मीही सांगितली नाही. काकांना आता बुधवारी यायला सांगितलंय, मधल्या दिवसांसाठी. पहिल्या बुधवारचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, दुसऱ्या बुधवारी मी आईला आधीच बजावून ठेवलं होतं.

गेले सहा शनिवार कापलेलं नाही. चला, पाणी उकळलं वाटतं.