काचपेटीतला उन्हाळा

गेल्या मे महिन्यात आमच्या सीवूड्सच्या घरी माशांच्या काचपेटीतलं पाणी दुपारी ३३ अंशांवर गेलं. नातवाचे दोन गोल्डफिश वर येऊन आ वासत होते. तो गावाहून येईपर्यंत त्यांना सांभाळायचं काम आबांचं! घाबरून मी बर्फाचे खडे टाकले. संध्याकाळी एक मासा गेला.

मग वाचत बसलो. (मास्तरकी सुटत नाही.) जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलं. इमारत लोखंड आणि काचेची, म्हणजे ऊन आत येणारच. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. विल्यम आल्फर्ड लॉइडने तोड काढली. टाक्यांखाली मोठा, अंधारा हौद बांधायचा आणि त्यातलं गार पाणी सतत फिरतं ठेवायचं. १८७१ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने तेच केलं.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मी कितीदा सहली नेल्या. पाणी गार कसं ठेवतात, हे ना पोरांनी विचारलं, ना मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला. माठाचंच तत्त्व. पण खाडीकाठची हवा दमट, नागपूरच्या माठाची सर इथे कुठली? दोनेक अंश उतरले, तेवढ्यावर दुसरा मासा तगला.

नातवाला फोनवर खरं सांगितलं.

"आबा, बर्फ कशाला टाकलात?" एवढंच म्हणाला.